रुरकीचा कौल

रुरकी कुठे आहे हे आमच्या घरात मार्चपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर ते गावाचं नाव आहे की कुणाचं आडनाव, इथपासून शंका होती. मे महिन्यात मात्र नाहूरच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं, कारण मीच सांगत सुटले होते. समोरच्या शुभाताई तर मला बघितलं की दार लोटून घ्यायच्या, इतकं.

मानसी माझी एकुलती एक मुलगी. अंधेरीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाली आणि सरळ नोकरी धरायची सोडून गेटच्या परीक्षेला बसली. आयआयटीत एम.टेक. करायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. लाखाच्या घरात पोरं बसतात, त्यात हिचा नंबर साडेपाचशेच्या आत आला. निकाल लागला तेव्हा मी कामावर होते. मुलुंडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते, नंबर पुकारते, थेंब घालते. फोन आला तेव्हा एका आजींना थेंब घालून डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. मी एवढ्या जोरात ओरडले की त्यांनी दचकून डोळे उघडले. परत घालावे लागले.

मला वाटलं, नंबर आला म्हणजे झालं. कुठचं काय! प्रत्येक आयआयटीचा फॉर्म वेगळा. सात ठिकाणी सात फॉर्म. एकाला सही वीस केबीच्या आत हवी, दुसऱ्याला तीच सही पन्नासच्या वर हवी. एकाला फोटोत कान दिसायला हवेत. आमचा कुणब्याचा दाखला आहे, पण तो राज्याच्या नमुन्यातला. तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तोही यंदाच्या तारखेचा. त्यासाठी मी दोन अर्ध्या रजा टाकून दाखल्याच्या कचेरीत बसले. खिडकीतल्या बाईंनी 'पाच मिनिटं' म्हणून दीड तास बसवलं. मी दवाखान्यात रोज लोकांना तेच करते, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. नाहीतर मी सोडणाऱ्यातली नाही.

हे मिरवायला सांगत नाहीये. पुढचं ऐकून कुणी म्हणेल, ही बाई मुलीच्या शिक्षणाच्या आड येणाऱ्यातली दिसते. तर तशी मी नाही. निदान मला तसं वाटत नव्हतं.

फॉर्म सात ठिकाणी भरले तरी उत्तर द्यायची जागा एकच असते. एक वेबसाइट आहे, तिथे फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत आपल्याला कुठली जागा देऊ केलीय ते दिसतं आणि खाली तीन बटणं असतात. पहिलं दाबलं की जागा घेतली, आता कायमची, मागेपुढे काही नाही. दुसरं दाबलं की जागा धरून ठेवा, मी याहून बरी येते का बघते. तिसरं म्हणजे नको, जागा सोडली, पुढच्या फेरीत नवीन काही आलं तर बघू. सोडलेली जागा परत मिळत नाही. आणि ते मधलं 'धरून ठेवा' दोनदाच वापरता येतं. मानसीने मला हे दोन दिवस समजावलं. मी ते आबांना समजावायचा प्रयत्न केला आणि माझा घसा बसला.

आबा म्हणजे माझे सासरे, धोंडू. वय एक्याऐंशी. परळच्या गिरणीत होते, गिरणीच्या आवाजाने कान गेले ते गेलेच. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात असतं, कारण घातलं की त्यांना कानात भुंगा शिरल्यासारखं वाटतं. बाकी म्हातारा खणखणीत आहे. आणि गावच्या रवळनाथाला विचारल्याशिवाय ते आमच्या घरात मोठं काही होऊ देत नाहीत. तिकडे गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि वाट बघतो. उजव्या बाजूची कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा कौल. माझं लग्न कौल घेऊन ठरलं. हा फ्लॅट कौल घेऊन घेतला. मी वाकोल्यात वाढलेली, माहेरही कोकणातलंच, पण आमच्याकडे कौल दहा वर्षांतून एकदा, तोही भावाभावांचं जुंपलं तरच. इथे फ्रिज घेतानासुद्धा लावला होता. तेव्हा डावा आला आणि आम्ही एक अख्खा उन्हाळा माठावर काढला.

पहिल्या फेरीत मानसीला रुरकी मिळालं, म्हणजे पार उत्तराखंडातली आयआयटी. विषय भूकंप इंजिनिअरिंग. या विषयाचं तिला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून वेड आहे. रस्त्याने चालताना बिल्डिंगा बघत चालते. खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेली बिल्डिंग दिसली की म्हणते, ''हिचं काही खरं नाही गं आई, हलली की आधी खालचाच मजला जाणार.'' आम्ही राहतो ती बिल्डिंगही तसलीच आहे. ते तिला सांगितलं तर म्हणाली, ''माहितीय मला. म्हणून तर झोप लागत नाही.''

पण नाहूरपासून रिक्षाने अर्ध्या तासावर पवईची आयआयटी. तिथे तिचा नंबर लागला तर ती घरूनही जाऊन-येऊन करू शकली असती. विषय थोडा वेगळा, पण इमारतींचाच. गेल्या वर्षी तिथे जिथे यादी थांबली होती त्यापेक्षा हिचे गुण सहाने कमी. म्हणजे येईलही आणि नाहीही. मानसीचे पप्पा, राजेश, पहिल्यापासून म्हणत होते, ''थांब, पवई येतंय.'' ते पालिकेच्या पाणीखात्यात पंपावर आहेत. त्यांना सगळंच वाट बघितली की येतं असं वाटतं.

आबांना मी तीन बटणं सांगितली तेव्हा त्यांनी ती बोटांवर मोजून बघितली. मग म्हणाले, ''तीन? देवाक दोनच बाजू. उजवी नायतर डावी. तिसरी खंयसून आणू?''

मी ओरडून म्हटलं, ''आबा, दोन वेळा विचारू ना. आधी एक, मग दुसरं.''

''एका कामाक दोनदा इचारूक देव काय तुझो नोकर?''

झालं. मग मानसीने 'धरून ठेवा' दाबलं. तिलाही तेच हवं होतं, पवईच्या आशेने. पुढच्या फेरीत पवई आलं नाही. परत 'धरून ठेवा'. तिसऱ्या फेरीतही रुरकीच, आणि या वेळी मधलं बटण नव्हतंच, ते वापरून संपलं होतं. आता उरली दोनच, घेतली किंवा सोडली. मानसी लॅपटॉपसमोर डोक्याला हात लावून बसली होती आणि आबा मात्र खूश. ''आता कसा! आता इचारूया.''

मला राग आला. सासऱ्यांचा नाही, पोरीचा. स्वयंपाकघरात गाठून तिला म्हटलं, ''तू शिकलेली ना गं? भूकंपाचं गणित मांडतेस आणि आयुष्याचा निर्णय फुलाच्या कळीवर?''

ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, ''आई, मला खरंच कळत नाहीये. तिथे भूकंप आहे, इथे तुम्ही आहात.''

''म्हणजे दोन्हीकडे सारखंच.''

''हसवू नको ना यार. पप्पा म्हणतात थांब. निहार म्हणतो वेडी आहेस का, हातातली सोडू नको.'' निहार हिच्या वर्गातला, घाटकोपरचा, त्याचंही असंच चाललं होतं. ''मी काहीही दाबलं तरी कुणाला तरी वाईट वाटणार. आबांचा देव बोलला तर निदान माझ्यावर येणार नाही. आणि मला चालेल गं. काहीही आलं तरी चालेल.''

मी तिला म्हटलं, ''कर काय हवं ते.'' आणि कुकरला शिट्टी लावली.

उत्तर द्यायची मुदत रविवारी सकाळी नऊ. शनिवारीच कौल झाला असता, पण गुरवाच्या घरी सुतक होतं, ते शनिवारी फिटत होतं. म्हणजे देवाला हात लागणार तो रविवारी सकाळीच. शनिवारी संध्याकाळी मी गुरवाला फोन लावला. श्यामसुंदर त्याचं नाव, तिशीतला पोरगा, देवळाची पाळी नसेल तेव्हा गावात वायरिंगची कामं करतो. आबांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते शब्द सांगणार आणि मी ते पुढे सांगणार, असं ठरलं. आबांनी डोळे मिटून सांगितलं, ''बा देवा रवळनाथा, चेडवाक रुरकीक धाडूचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी.'' मी शब्द न शब्द तसाच सांगितला. श्यामसुंदर म्हणाला, ''वयनीनु, काय काळजी करू नका. साडेआठाक फोन करतंय.''

रविवारी राजेशची सकाळची पाळी होती. सहाला निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, ''जे येईल ते येईल. उगाच रडारड करू नका.'' ते मला म्हणाले की मानसीला, ते कळलं नाही.

आठ वाजता आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. मानसीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता, वेबसाइट उघडलेली, दोन्ही बटणं समोर. चहा कुणी घेतला नाही. माझ्या फोनला आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून मी तिथे उभी. टेबलावरून मी दिसत होते, पण माझ्या कानातलं कुणाला ऐकू येणार नव्हतं. हे मी ठरवून केलं नव्हतं. रोजच मी तिथे उभी राहून बोलते.

आठ पस्तीसला फोन वाजला.

''वयनीनु,'' श्यामसुंदर म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी घंटा वाजवत होतं. ''उजवो दिल्यान. खात्रीसाठी परत लावलंय, परत उजवोच. बिनघोर धाडा चेडवाक.''

मी ''बरं'' म्हटलं. तो म्हणाला, ''आबांका सांगा, नारळ ठेवतंय.'' आणि फोन बंद झाला.

मला वळून दोन शब्द सांगायचे होते. 'उजवा आला.' एवढंच. दवाखान्यात मी दिवसाला शंभर माणसांना काय काय सांगते. पण मी फोन कानाला तसाच लावून खिडकीबाहेर बघत उभी राहिले. दांडीवर मानसीचे कपडे वाळत होते. मला एकदम संध्याकाळचे साडेसात आठवले. मी दमून घरी येते, ती चहा टाकते, त्यात साखर जास्त घालते, मी ओरडते, ती हसते. मग मी तिला दवाखान्यातले नमुने सांगते. कुठल्या आजोबांनी तक्ता पाठ करून आणला होता, कुठली बाई चष्मा नको म्हणून रडली. ती पोट धरून हसते, मग माझी थायरॉइडची गोळी घेतली का विचारते, नसेल घेतली तर मला झापते. राजेश पाळीवरून येतात ते जेवून झोपतात. वाईट माणूस नाही, पण दमलेला माणूस आहे. आबांना ऐकू येत नाही. ती गेली की मी साडेसातला घरी येऊन कुणाशी बोलायचं? मिक्सरशी?

मला ती जायला नको होती. सगळ्या बिल्डिंगला रुरकी-रुरकी सांगत फिरताना मला हे माहीत नव्हतं, किंवा मी माहीत करून घेतलं नव्हतं. तिथे खिडकीत मला ते स्पष्ट कळलं.

मी वळले आणि म्हणाले, ''डावा.''

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी भुवया उंचावल्या. मग मी डावा हात वर करून त्यांना दाखवला. खोटं जिभेने बोलणं वेगळं, पण हात वर करून दाखवायला लागला तेव्हा तो मला जड झाला.

''डावो?'' आबा म्हणाले. भिंतीवरच्या देवाच्या फोटोला हात जोडले. ''बरां. तेची मरजी.''

मानसी म्हणाली, ''बरं.''

बस, एवढंच. मला वाटलं होतं ती काही तरी बोलेल, चिडेल, 'असलं काही मानत नाही मी' म्हणेल. मग मी दोन शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, त्यात काही तरी सुटलं असतं. तिने चष्मा काढला, टी-शर्टला पुसला, परत घातला. लॅपटॉप जवळ ओढला. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, कशाला ते मलाही माहीत नाही.

त्या वेबसाइटच्या शेजारी तिने आणखी बरीच पानं उघडून ठेवली होती. ती एकेक करून बंद करायला लागली. एका पानावर हॉस्टेलचा नकाशा होता. एकावर कुणी मास्तर, त्यांनी कुठल्या पुलावर काय प्रयोग केला ते. एकावर सामानाची यादी, तिने स्वतः केलेली, रजई, बादली, एक्स्टेंशन बोर्ड, आणि त्यात 'आईचं लोणचं, छोटी बरणी'. शेवटच्या पानावर रुरकीचं डिसेंबरमधलं तापमान होतं.

'काहीही आलं तरी चालेल,' म्हणाली होती. काहीही आलं तरी चालणारं माणूस डिसेंबरमधलं तापमान बघत नाही. आणि मी तिची आई असून मला ते ओट्यावर बसलेल्या पोरीच्या तोंडावर दिसलं नव्हतं.

तिने 'सोडली' वर बाण नेऊन दाबलं. पानावर एक चौकट उघडली, नक्की का, असं विचारणारी.

''थांब,'' मी म्हटलं.

''काय?''

''गुरव उजवा म्हणाला.''

ती वळली. ''मग तू डावा का म्हणालीस? चुकून?''

तिने स्वतःहून मला तो शब्द दिला. मी 'हो गं, गडबडीत' म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं, तिने विश्वासही ठेवला असता. पण मघाशी एक खोटं बोललेच होते, त्यावर आणखी एक रचवेना.

''नाही,'' मी म्हटलं. ''मुद्दाम.''

आबांना काही तरी बिनसलंय एवढं दिसत होतं. ''काय झाला? माका कोण तरी सांगा!''

''आबा, मी खोटं बोलले!''

''काय?''

''खोटं बोलले मी! देवाने उजवा दिलाय!''

''उजवो?''

''उजवा! दोनदा! मी खोटं सांगितलं!''

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. समोरून शुभाताईंचा आवाज आला, ''प्रेमा, काय गं झालं?'' सातही मजल्यांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे, रुरकीही त्यांना मीच ऐकवली होती.

आबांचा चेहरा बघवत नव्हता. सव्वीस वर्षं मी या घरात आहे, या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही. हळू म्हणाले, ''देवाच्या नावान खोटा बोललंस?''

मी मान खाली घातली.

ते खुर्चीच्या हातावर बोटं आपटत बसले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली, पण त्यांना ते दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्याच दवाखान्यात व्हायचंय. ''येळ किती ऱ्हवलो?''

मी बोटांनी दाखवलं. तेरा मिनिटं.

''मगे बसलास कित्याक? देवाचा मी बघतंय. तुमी तुमचा बघा.''

मला वाटलं, आता ती लगेच दाबेल. पण मानसीने लॅपटॉपवरून हात काढला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. तिचे डोळे लाल झाले होते. ''का केलंस असं?''

''तू जाऊ नयेस म्हणून.''

''हे मला कळलं. का?''

''तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही,'' मी म्हटलं. ''म्हणून. दुसरं काही नाही. तुझ्या भल्याचं वगैरे काही नव्हतं त्यात.''

''मग मला सांगायचंस ना! 'नको जाऊस' म्हणाली असतीस तर मी नसते गेले. खरंच नसते गेले गं.''

''म्हणूनच नाही सांगितलं. माझ्यासाठी राहिली असतीस तर मला रोज तुझं तोंड बघावं लागलं असतं. देवासाठी राहिलीस तर मला काय, मी मोकळी.''

हे बोलेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. अशी लाज मला दुसऱ्या कशाचीही कधी वाटलेली नाही. मानसीने नाक ओढलं, मनगटाने डोळे पुसले. मला वाटलं, ही आता माझ्याशी बोलणार नाही, आणि रुरकीला गेली तरी नाही बोलणार, आणि ते बरोबरच होईल.

''आठ त्रेपन्न,'' ती म्हणाली. ''आता सांग. जाऊ की नको?''

''देवाने उजवा दिलाय ना.''

''देवाचं राहू दे. तू सांग. तुला काय वाटतं ते. पण खरं.''

आबा एकदा तिच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. पंखा फिरत होता. मला शहाण्या आईसारखं पटकन 'जा' म्हणायचं होतं, पण नुसतं 'जा' म्हटलं असतं तर तेही अर्धं खोटंच झालं असतं आणि पोरीला ते कळलं असतं. तिने खरं मागितलं होतं.

''मला तू इथेच हवी आहेस,'' मी म्हटलं. ''रोज. साडेसातला. आणि तू जा.''

''दोन्ही?''

''दोन्ही. पण जा.''

तिने खुर्ची फिरवली, ती उघडलेली चौकट बंद केली आणि पहिलं बटण दाबलं. परत एकदा नक्की का विचारलं, तिने हो म्हटलं. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग वर हिरवी पट्टी आली. आठ छप्पन्न झाले होते.

''किती दुष्ट आहेस गं तू,'' मानसी म्हणाली आणि बसल्या बसल्याच माझ्या पोटाशी डोकं लावून रडायला लागली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी नाही रडले.

आबा खुर्चीतून पुढे वाकले. ''धाडलंस मां गो तिका?''

''धाडली, आबा.''

त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते परत एकदा, जोरात ओरडून सांगावं लागलं.